पांबनची कवाडे

जहाज आधी दूरवरच नांगर टाकते. पांबनच्या बंदर कचेरीत अर्ज जातो, शुल्क भरले जाते आणि तिथून रेल्वेला निरोप पोचतो. मग वेळेचा मेळ घालायचा. कोणत्या दोन गाड्यांच्या मध्ये सवड आहे, भरतीचे पाणी केव्हा चढणार, वारा किती आहे. हे सगळे जमले की मंडपम आणि पांबन या दोन स्थानकांमधली लाइन बंद होते आणि रेल्वेच्या माणसांची टोळी पुलाच्या मध्यावर जाऊन पोचते. जोडावरचे अडसर निघतात. रुळांचे सांधे मोकळे होतात. दांडे लागतात, माणसे त्यांना खांदा देतात आणि दंतचक्रे फिरू लागतात. बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटते. मग दोन कवाडांच्या मध्ये आकाशाची एक चीर दिसते, ती रुंदावत जाते आणि ज्या लोखंडावरून थोड्या वेळापूर्वी आगगाडी गेली, ते लोखंड रुळांसकट उभे राहते. मधून जहाज निघून जाते. त्यानंतर तेच सगळे उलट क्रमाने. कवाडे खाली आणायची, रुळ जुळवायचे, अडसर घालायचे, हाताने चाचपून पाहायचे आणि लाइन मोकळी झाल्याचे कळवायचे.

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा रेल्वे पूल खुला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्यावरची प्रवासी वाहतूक कायमची थांबली. या १०८ वर्षांत गाड्यांची इंजिने वाफेवरून डिझेलवर आली, रुळ रुंद झाले, राज्य बदलले. कवाडे उघडायची पद्धत मात्र तीच राहिली. माणसांचे हात, लांब दांडे आणि धीर.

या पुलाची गोष्ट सांगणारे बहुधा थेट १९६४ च्या वादळाकडे धाव घेतात. ते वादळ टाळून पुढे जाता येणार नाही, आणि जायचेही नाही. पण मला या पुलाचे मोठेपण त्याच्या रोजच्या कामात दिसते. समुद्रात उभे राहून दोन परस्परविरोधी मागण्या पुरवायच्या होत्या. गाडीला अखंड वाट हवी होती आणि जहाजाला मोकळी वाट. एकाच जागी, आलटून पालटून, दोघांनाही वाट द्यायचे काम त्याने शंभर वर्षांहून अधिक काळ केले.

मराठी माणसाला रामेश्वर ओळखीचे आहे ते आगगाडीच्या कितीतरी आधीपासून. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यायची ही आपल्याकडची जुनी रीत. एकनाथ महाराजांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले, ती कथा याच वाटेवरची. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या रस्त्यावर छत्रे बांधली. छत्र म्हणजे वाटसरूला अन्न आणि निवारा मिळण्याची जागा. सरफोजी दुसऱ्यांच्या काळात, १८०२ मध्ये, ओरत्तनाडूला बांधलेले मुक्तांबाळ छत्र त्यांतले नावाजलेले. महिनोन्‌महिने चालत आलेला यात्रेकरू या छत्रांच्या आधाराने दक्षिणेकडे सरकत जाई आणि मंडपमला पोचला की त्याची वाट संपे. तिथे जमीन संपते. समोर पांबन बेट, त्या बेटावर रामेश्वराचे देऊळ, आणि मध्ये सुमारे दोन किलोमीटर रुंदीची खाडी. पुढे होडी.

ही खाडी उथळ आहे. पूर्वी इथे पायी जाता येई आणि १४८० च्या वादळात ती वाट तुटली, असे रामेश्वरच्या देवळाच्या जुन्या नोंदींच्या आधाराने सांगतात. खरे किती ते असो. उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचे आखात, या दोन पाण्यांना जोडणारी ही अरुंद फट गलबतांना फार मोलाची होती. ती मिळाली नाही तर पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्याकडे निघालेल्या गलबताला अख्ख्या श्रीलंकेला वळसा घालावा लागे. म्हणून एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी इथला खडक फोडून आणि गाळ उपसून जहाजांसाठी मार्ग खोल केला. पुढे रेल्वेला खाडी ओलांडायची वेळ आली तेव्हा हाच मार्ग आडवा आला. आधी जहाजांसाठी खपून केलेली वाट आता आगगाडीसाठी बुजवायची, हे कोणी मान्य केले नसते.

रेल्वेला इथे यायचे होते ते मुख्यतः देवासाठी नव्हे. सिलोनशी, म्हणजे आजच्या श्रीलंकेशी, व्यापार वाढला होता. तिथल्या चहाच्या मळ्यांना तमिळ मुलखातून मजूर हवे होते. मद्रासहून कोलंबोला जायचे तर तुतिकोरिनपर्यंत रेल्वेने जायचे आणि तिथून रात्रभराचा जहाजाचा प्रवास करायचा. त्यापेक्षा पांबन बेटाच्या पूर्व टोकाला धनुष्कोडी आहे, आणि तिथून सिलोनचे तलैमन्नार जेमतेम ३५ किलोमीटर. रामसेतूच्या वाळूच्या बेटांवरून थेट सिलोनपर्यंत रुळ न्यावेत, असाही विचार झाला होता. तो कागदावरच राहिला. ठरले ते असे की बेटापर्यंत पूल बांधायचा, धनुष्कोडीपर्यंत रुळ न्यायचे आणि पुढचा तुकडा आगबोटीने काटायचा. साउथ इंडियन रेल्वे कंपनीने १९११ मध्ये पुलाचे काम हाती घेतले.

पूल २,०६५ मीटर लांब. समुद्रात १४३ खांब, त्यांच्यावर चाळीस-चाळीस फुटांच्या १४५ लोखंडी गाळ्यांची रांग. त्या काळच्या रेल्वेला यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते जहाजांच्या मार्गावरच्या एका गाळ्यात, आणि त्याचे मूळ होते शिकागोत.

शिकागो नदीवर त्या काळी फिरते पूल होते. नदीच्या मध्यभागी एक जाड खांब आणि त्याच्यावर आडवा गरगर फिरणारा पूल. जहाज आले की पूल फिरवून नदीच्या लांबीला समांतर करायचा. तो खांबच जहाजांच्या वाटेत उभा असे. विल्यम शेर्झर या अभियंत्याने वेगळा मार्ग शोधला. त्याने पुलाचे टोक उचलायचे ठरवले, पण बिजागरीवर नव्हे. कवाडाच्या मागच्या टोकाला त्याने चाकाच्या पावभागासारखा कमानदार लोखंडी पाय दिला. हा पाय सपाट पट्टीवर मागे लोळत जातो आणि तो लोळला की पुढचे टोक वर उठते. झुलत्या खुर्चीत बसलेला माणूस मागे रेलला की त्याचे पाय आपोआप उचलले जातात, तसेच. मागच्या बाजूला तोलाचे वजन असते, त्यामुळे कवाड स्वतःच्याच भाराने तोललेले राहते. शेर्झर १८९३ मध्ये, ऐन पस्तिशीत वारला. त्याच्या कल्पनेचे पेटंट त्याच वर्षी, त्याच्या पश्चात मंजूर झाले आणि शिकागोतले या धर्तीचे पहिले पूल १८९५ मध्ये उभे राहिले. त्याला त्यांतला एकही पाहायला मिळाला नाही. भावाने त्याचे काम पुढे चालवले आणि त्या कंपनीचे आराखडे जगभर गेले.

पांबनला या जातीची दोन कवाडे समोरासमोर बसवली. त्यांचे लोखंडकाम इंग्लंडमधल्या हेड राइटसन कंपनीच्या कारखान्यात झाले. एकेका कवाडाचे वजन सुमारे ४१५ टन. एवढे वजन माणसे हातांनी उचलत होती, असे वाचले की प्रथम खरे वाटत नाही. पण माणसे ते वजन उचलत नव्हतीच. वजन तोलाने तोललेले होते. माणसांना झगडायचे होते ते घर्षणाशी आणि वाऱ्याशी. त्यातला वारा जास्त जड. उभे होत जाणारे कवाड शिडासारखा वारा धरते. शांत दिवशी जे काम रेटत रेटत निभावते, तेच वाऱ्याच्या दिवशी अंगावर येते. म्हणून वारा पाहिल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही.

विजेवर चालणारी कवाडे तेव्हा शिकागोत होती. पांबनला हात निवडले गेले आणि पुढे वीज आली तरी हातच राहिले. मला यात मागासलेपण दिसत नाही. खाऱ्या हवेत मोटर, तारा आणि खटके किती दिवस धड राहिले असते ते सांगता येत नाही. दांडा, दंतचक्र आणि ग्रीस यांचे दुखणे मात्र जागच्या जागी कळते आणि जागच्या जागी दुरुस्त करता येते.

पूल सुरू झाला आणि मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून निघालेली बोट मेल थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. तिकीट एकच. गाडीतून उतरायचे, आगबोटीत चढायचे, तलैमन्नारला पुन्हा गाडी धरायची आणि कोलंबो गाठायचे. ‘कर्झन’, ‘एल्गिन’, ‘हार्डिंज’ अशी व्हाइसरॉयांची नावे धारण केलेल्या आगबोटी या खेपा करीत. मुख्य रुळ पांबनहून सरळ धनुष्कोडीला जात. रामेश्वर एका फाट्यावर होते. ज्या देवासाठी शतकानुशतके लोक चालत आले, त्याला रेल्वेने बगलेत ठेवले आणि धक्क्याला मान दिला. रेल्वे कंपनीचा हिशेब त्यातून स्पष्ट दिसतो.

पण पुलावरून सर्वांत जास्त कोण गेले असेल असा विचार केला की व्यापारी डोळ्यांपुढे येत नाहीत, यात्रेकरू आणि मजूर येतात. मंडपमला सिलोन सरकारचा मोठा तळ होता. मळ्यांवर निघालेल्या मजुरांना तिथे काही दिवस ठेवून घेत, साथीचे रोग बघत आणि मगच पुढे सोडत. बायका, पोरे, गाठोडी घेऊन ही माणसे या पुलावरून गेली. कित्येक पिढ्या तिकडेच राहिली. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला आणि त्यांच्या लाखो नातवंडां-पतवंडांना ‘मायदेशी’ पाठवायचे ठरले. मळ्यावर जन्मलेली, भारत कधी न पाहिलेली ही माणसे बोटीने रामेश्वरला उतरली आणि आजा-पणजा ज्या पुलावरून गेला त्याच पुलावरून उलट दिशेने आली. पुढे १९८० च्या दशकात श्रीलंकेत यादवी पेटली, बोटसेवा बंद पडली आणि मंडपमचा तोच तळ निर्वासितांची छावणी झाला. मजुरांचा तळ, परतणाऱ्यांचा तळ, निर्वासितांचा तळ. जागा एकच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरला गाडी थांबणे बंद झाले, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जात. ते गोळा करून वाटायला एक मुलगा आपल्या चुलतभावाला मदत करी. ती त्याची आयुष्यातली पहिली कमाई. हा मुलगा म्हणजे पुढचे राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम. ती वर्तमानपत्रे याच पुलावरून बेटावर येत.

आता १९६४.

डिसेंबरच्या मध्याला अंदमानच्या दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला. त्याचे वादळ झाले, २२ तारखेला ते श्रीलंकेवरून आले आणि त्या रात्री धनुष्कोडीवर कोसळले. पांबनहून धनुष्कोडीला जाणारी ६५३ क्रमांकाची पॅसेंजर रात्री बाराच्या आधी पाच मिनिटे सुटली होती. गाडीत ११० प्रवासी आणि पाच रेल्वे कर्मचारी असल्याची नोंद आहे. विनातिकीट किती होते ते कोण मोजणार? धनुष्कोडी काही अंतरावर असताना सिग्नल निकामी झालेला होता. ड्रायव्हर थांबला, अंधारात वाट पाहिली, मग शिटी देऊन गाडी पुढे काढली. समुद्राची प्रचंड लाट आली आणि सहा डब्यांची गाडी माणसांसकट गेली. एकही वाचला नाही. धनुष्कोडी गावही राहिले नाही. या वादळात सुमारे १,८०० माणसे गेली.

इथे एक चूक दुरुस्त करायला हवी, कारण ती पुनःपुन्हा छापली जाते. ती गाडी पांबन पुलावरून पडली नाही. पूल तिने आधीच मागे टाकला होता. ती गेली धनुष्कोडीच्या वेशीवर, बेटावर. पुलाचे जे झाले ते त्याच रात्री, पण वेगळे. १४५ गाळ्यांपैकी १२६ गाळ्यांच्या तुळया समुद्रात पडल्या. खांब उभे राहिले, त्यांच्या डोक्यावर काही नाही. आणि मध्ये ती दोन कवाडे जशीच्या तशी जागेवर. पुलाचा जो भाग हलण्यासाठी बांधला होता, तेवढाच त्या रात्री हलला नाही.

बेटाचा देशाशी असलेला रस्ता तुटला. दुसरा पूल नव्हता. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरवली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि काम बत्तीस वर्षांच्या एका अभियंत्याकडे सोपवले. त्याचे नाव ई. श्रीधरन. मराठी वाचकाला हे नाव सांगायला नको. पुढे पंचवीस वर्षांनी कोकण रेल्वे ज्यांनी उभी केली तेच हे. सह्याद्रीतल्या बोगद्यांची आणि नद्यांवरच्या पुलांची जी गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, तिचे पहिले पान पांबनला लिहिलेले आहे.

नव्या तुळया दूरच्या प्रांतांतून मागवायच्या, त्या इथपर्यंत आणायच्या आणि मग चढवायच्या, असा सुरुवातीचा विचार होता. त्यातच महिने गेले असते. दरम्यान कोळ्यांकडून बातमी आली की वाहून गेलेल्या तुळया समुद्रात अमुक ठिकाणी पडलेल्या आहेत. मला हा प्रसंग संबंध इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. पाण्याखाली काय आहे हे नकाशावर नव्हते, ते कोळ्यांना ठाऊक होते. जाळे कुठे अडकते, प्रवाह कुठे वळतो, हे ज्याला रोजच्या पोटासाठी कळावे लागते, त्यालाच लोखंड कुठे रुतले आहे तेही कळते. अभियंत्याचा मोठेपणा असा की त्याने ते ऐकले. समुद्रातून तुळया शोधून काढायच्या, ओढून आणायच्या आणि पुन्हा त्याच खांबांवर चढवायच्या, असे ठरले. सुरुवातीला काम सावकाश चालले, मग हात बसला आणि वेग वाढत गेला. ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. त्या वेळी रेल्वेमंत्री होते मुंबईचे स. का. पाटील. श्रीधरनना रेल्वेमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले. तुळया दाखवणाऱ्या कोळ्यांची नावे मात्र कुठेही वाचायला मिळत नाहीत.

धनुष्कोडीचे रुळ परत घातले नाहीत. जागा राहण्यास अयोग्य ठरवली गेली. बोट मेल तेव्हापासून रामेश्वरला संपते. फाट्यावरचे गाव शेवटी मुख्य स्थानक झाले. गाडीच्या नावातली ‘बोट’ मात्र लोकांच्या तोंडून गेली नाही.

वादळ एका रात्रीत येऊन गेले. गंज रोज येत होता. पांबनची हवा इतकी खारी आणि दमट की लोखंडाला ती जगातल्या सर्वांत वाईट जागांपैकी एक मानली जाते. रंगाचे काम इथे कधी संपत नसे. एका टोकापासून खरवडत, घासत, रंगवत दुसऱ्या टोकाला पोचावे, तोवर पहिल्या टोकाला तांबूस फोड आलेले असत. खालची तुळई रंगवायची तर दोरांवर लोंबकळायचे, खाली पाणी, वरून ठराविक वेळाने गाडी. रिव्हेट ठोकून पाहणे, सैल निघाला तर बदलणे, नटबोल्ट आवळणे, कवाडांच्या लोळणाऱ्या पायाखालची पट्टी साफ ठेवणे. ही कामे करणाऱ्यांना कोणी पारितोषिके दिली नाहीत, पण पूल १०८ वर्षे चालला तो या हातांवर. गाडीतल्या माणसाला यातले काही दिसत नसे. त्याला दिसे ते दोन्ही बाजूंना थेट पाणी. पुलाला कठडा नव्हता. खिडकीतून वाकून पाहिले तर खाली रुळही दिसत नसत, नुसता समुद्र. गाडी पायी चालल्यासारखी जाई आणि यात्रेकरू हात जोडून बसलेले असत.

वाऱ्याची भीती १९६४ नंतर कायमची बसली. पुलावर वारा मोजण्याचे यंत्र बसवले आणि नियम ठरला की ताशी ५८ किलोमीटरच्या वर वारा गेला की सिग्नल लाल. गाडी कितीही उशिरा आलेली असो, मंडपमला किंवा पांबनला उभी राहील. त्या रात्री गेलेल्या गाडीची आठवण अशी एका आकड्यात राहिली.

२ ऑक्टोबर १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते शेजारचा रस्त्याचा पूल खुला झाला. तोवर बेटावर जायचे तर गाडी नाहीतर होडी. रस्त्याचा पूल उंच आहे, त्याखालून जहाजे सहज जातात. आता लोक बस-मोटारीने त्या पुलावर येऊन थांबू लागले आणि खालच्या जुन्या पुलावरून गाडी जाताना पाहू लागले. एका अर्थाने जुन्या पुलाचे पहिले प्रेक्षक तेव्हा जमले.  

मीटर गेजच्या रुळांसाठी बांधलेल्या पुलावर ब्रॉड गेज घालता येईल का, हा प्रश्न आला तेव्हा जुना पूल सोडून द्यावा असेही मत होते. तो टिकावा असे ज्यांना वाटत होते त्यांत राष्ट्रपती कलाम होते. गाडीतून पडलेले गठ्ठे उचलणाऱ्या मुलाला तसे वाटणे साहजिकच. मद्रास आयआयटीच्या तज्ज्ञांनी पूल तपासला, मजबुतीची कामे झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये त्याच खांबांवरून मोठ्या रुळांची गाडी रामेश्वरला गेली. १९१४ मध्ये ज्यांनी ते खांब समुद्रात उभे केले, त्यांच्या कामाची याहून कठीण परीक्षा दुसरी नव्हती.

संकटे तरी येतच राहिली. जानेवारी २०१३ मध्ये वाहत आलेली नौदलाची एक बार्ज पुलावर आदळली. पूल निभावला. डिसेंबर २०१८ मध्ये मात्र कवाडांच्या लोखंडातच तडा आढळला. ज्या भागाला वादळाने हात लावला नव्हता, त्याला वयाने गाठले. सुमारे तीन महिने गाड्या बंद राहिल्या. दुरुस्ती होऊन त्या सुरू झाल्या त्याच सुमारास, १ मार्च २०१९ ला, नव्या पुलाची पायाभरणी झाली. जुन्या पुलावर संवेदक बसवले होते. ते लोखंडाची थरथर टिपत आणि ती वाढली की इशारा देत. २३ डिसेंबर २०२२ ला गाड्या थांबवल्या गेल्या आणि पुन्हा सुरू झाल्या नाहीत. धनुष्कोडीच्या वादळाला त्या दिवशी ५८ वर्षे झाली होती. तारीख कोणी ठरवून निवडली नसेल, पण रामेश्वरच्या लोकांना ती वेगळी सांगावी लागली नसणार.

मंडपमपर्यंत येऊन रेल्वे थांबली. यात्रेकरू पुन्हा मंडपमला उतरू लागला, छत्रांच्या काळात उतरायचा तसा. फरक इतकाच की आता पुढे होडीऐवजी बस होती.

नवा पूल जुन्याला समांतर, थोडा उंच. त्याला कवाडे नाहीत. मधला ७२.५ मीटरचा गाळा दोन मनोऱ्यांच्या मध्ये विजेच्या जोरावर आडवाच्या आडवा सरळ वर जातो, विहिरीतून दोन्ही बाजूंनी दोर लावून फळी वर ओढावी तसा, १७ मीटरपर्यंत. मोजक्या मिनिटांचे काम. टोळी नको, दांडे नकोत. भारतीय रेल्वेचा या प्रकारचा हा पहिलाच समुद्रावरचा पूल. ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. नव्या रुळांवरून गाडी गेली आणि मग जहाज सोडायचे होते.

त्या दिवशी जुना पूल अजून समुद्रात उभा होता. दोन्ही पूल शेजारी शेजारी आणि जहाजांचा मार्ग दोघांच्याही मधून जाणारा. नव्याचा गाळा कितीही वर गेला तरी जुना मिटलेला असता तर जहाज पुढे सरकले नसते. म्हणून नव्या पुलाचा सोहळा पार पडण्याआधी जुन्यालाही उघडावे लागले. ४१५-४१५ टनांची ती दोन कवाडे, रुळांवर गाडी नसलेली, वर उठून उभी राहिली आणि जहाज आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या मधून पलीकडे गेले.